वार्धक्याला जामीन कोण?

आयुष्यभर चाकरी करून माणूस जे दोन हक्क जोडतो त्यांपैकी एक समुद्र ओलांडतो आणि दुसरा बंदरावरच अडून राहतो, ही आपल्या काळातील एक मोठी विसंगती आहे. आणि तिची झळ ज्यांना लागते ते लोक वयाने थकलेले, जगभर विखुरलेले आणि दोन्ही देशांच्या राजकारणात बिनमहत्त्वाचे असल्यामुळे तिच्याविषयी सहसा कोणी बोलत नाही. समुद्र ओलांडणारा हक्क निवृत्तिवेतनाचा. न्यू जर्सीत नोकरी केलेल्या माणसाचे पेन्शन पुण्याच्या बँकेत आणि मँचेस्टरच्या कारकुनाचे स्पेनमधील अलिकांतेच्या बँकेत दरमहा बिनबोभाट जमा होते. सरकारला हवा असतो तो फक्त पेन्शनर जिवंत असल्याचा पुरावा. अडून राहणारा हक्क औषधोपचाराचा. ज्या सरकारने त्याच माणसाच्या पगारातून, त्याच तारखेला, त्याच हिशेबाच्या कागदावर आजारपणाची वर्गणीही कापून घेतली, ते सरकार तो देशाबाहेर जाताच त्याच्या छातीत कळ आली तर, दोन देशांत तसा खास करार नसेल तेथे, तिची जबाबदारी नाकारते.

या भेदाचे समर्थन करता येत नाही असे नाही. पेन्शन हे ऋण आहे. ते रकमेत मोजता येते आणि धनको जाईल तेथे पाठवता येते. शुश्रूषा ही रक्कम नव्हे. तिला रुग्णालय लागते, खाट लागते, रात्रपाळीची परिचारिका लागते. आणि तिचा खर्च एका भूमीवर एकत्र नांदणाऱ्या लोकांनी एकमेकांसाठी, म्हणजे धट्ट्याकट्ट्यांनी आजाऱ्यांसाठी व तरुणांनी वृद्धांसाठी, उचलायचा असतो. बिस्मार्कने १८८३ साली जर्मनीत आजारपणाच्या विम्याचा कायदा केला तेव्हापासून ५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेथपर्यंत या विचाराचा जो विस्तार झाला तो राष्ट्राच्या सीमा गृहीत धरूनच झाला. निवृत्त माणूस उतारवयात ऊन आणि स्वस्ताई शोधत परमुलखात जाऊन राहील, किंवा मुलांमागे जाईल, किंवा जन्मगावी परतेल, ही कल्पना त्या शिल्पकारांच्या मनात फारशी नसावी. आज मात्र असे लोक लक्षावधी आहेत, आणि त्यांच्यापुढे प्रत्येक यजमान राष्ट्र एकच सवाल टाकते: तू आजारी पडलास तर बिल कोण भरणार? व्हिसाच्या अर्जाला जोडावयाचे आरोग्यविम्याचे प्रमाणपत्र हे या सवालाला दिलेले लेखी उत्तर होय. ते एक जामीनपत्र आहे. आणि वादाचा खरा मुद्दा असा की, परमुलखातल्या वार्धक्याला जामीन कोणी राहावे? माझे मत स्पष्ट आहे. उमेदीच्या वर्षांत ज्याने वर्गणी घेतली त्यानेच उतारवयात जामीन राहिले पाहिजे. आणि ते जमत नसेल तेथे यजमान राष्ट्राने पाहुण्याकडून वाजवी वर्गणी घेऊन त्याला आपल्या सामाईक निधीत सामावून घ्यावे. हे काम बाजारावर सोपवणे हा सर्वांत सोपा, सर्वांत महाग आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ, कारण त्याचा आपल्याशी साक्षात संबंध आहे. ३० जुलै १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मुद्दाम मिसूरी राज्यातील इंडिपेन्डन्स या गावी जाऊन मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली आणि पहिले कार्ड वृद्ध माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांच्या हाती ठेवले; कारण सार्वत्रिक आरोग्यविम्याची मागणी ट्रूमन यांनी आपल्या कारकिर्दीत लावून धरली होती आणि त्यांना ती तडीस नेता आली नव्हती. पासष्टी ओलांडलेल्यांना या कायद्याने जो आधार दिला त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु हा आधार अमेरिकेच्या हद्दीपुरताच आहे. अलास्काच्या वाटेवर कॅनडातून जाताना प्रवासी एकाएकी आजारी पडला, अशासारखे तुरळक अपवाद सोडले तर परदेशातील उपचारांसाठी मेडिकेअर एक डॉलरही देत नाही. तिला जोडून ज्या पूरक पॉलिसी विकल्या जातात त्यांतल्या काहींत परदेशातील तातडीच्या उपचारांची तरतूद असते. पण ती प्रवासाच्या पहिल्या साठ दिवसांपुरती आणि उभ्या हयातीत मिळून पन्नास हजार डॉलरपर्यंत. ती प्रवाशासाठी आहे, परदेशी वास्तव्य करणाऱ्यासाठी नव्हे.

खरा पेच पुढेच आहे. मेडिकेअरचा पहिला भाग, म्हणजे रुग्णालयाचा खर्च, दहा वर्षे वर्गणी भरलेल्यास बिनहप्त्याने मिळतो. दुसऱ्या भागासाठी, म्हणजे डॉक्टरांची फी, तपासण्या वगैरेंसाठी, दरमहा हप्ता असतो. २०२५ साली तो १८५ डॉलर होता. परदेशी राहणाऱ्याने हा हप्ता भरला तर त्याच्या पदरात काही पडत नाही. न भरला आणि पुढे परत जाण्याची वेळ आली, तर न भरलेल्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे दहा टक्के दंड हप्त्यावर चढतो, आणि तो एकदाच भरून सुटका होत नाही, तो मरेपर्यंत चालू राहतो. पाच वर्षे बाहेर काढलेल्याला १८५ च्या जागी २७७ डॉलर ५० सेंट मोजावे लागणार. शिवाय नावनोंदणी जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांतच होणार, मग आजार एप्रिलमध्ये उद्भवला तरी पुढच्या जानेवारीची वाट पाहावी लागणार.

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ निम्मे आयुष्य अमेरिकेत अभियंता म्हणून काढून कोथरूडला परत आले आहेत. वरखाली लाल-निळ्या पट्ट्यांचे ते पांढरे कार्ड त्यांनी पासपोर्टच्या पाकिटात जपून ठेवले आहे, आणि एका जुन्या डायरीत रेघ मारून दोन रकाने केले आहेत: डावीकडे दुसऱ्या भागाचे भरलेले हप्ते, उजवीकडे येथील विमा कंपनीचे. डावीकडचा रकाना चालू का ठेवला आहे असे विचारले तर ते म्हणतात, "गुडघा, डोळे, दात इथे भागतं. पण उद्या काही मोठं निघालं आणि मुलीनं ये म्हटलं तर?" त्यांच्या पत्नीचा शेरा अधिक नेमका आहे. "हप्ता भरायचा कोथरूडात बसून, आणि आजारी पडायचं ते मात्र न्यू जर्सीला जाऊन! असं ठरवून कुणी आजारी पडतं का हो?" उजवीकडच्या रकान्याची कथा निराळी नाही. आपल्या विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून नवी पॉलिसी घेण्यास असलेली पासष्ट वर्षांची मर्यादा उठवली, आधीपासूनच्या आजारांसाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आणली, आणि २०२५ च्या जानेवारीत ज्येष्ठांच्या हप्त्यात प्राधिकरणाला विचारल्याखेरीज वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास कंपन्यांना मनाई केली. या सुधारणा स्तुत्य आहेत. पण सत्तरीत परतलेल्या माणसाला तीन वर्षे थांबावयास सांगणे म्हणजे काय, हे सत्तरीतल्या माणसालाच कळते.

बाजार येथे का अपुरा पडतो, हे समजून घेतले पाहिजे, नाहीतर सारा दोष कंपन्यांच्या लोभावर ढकलून आपण मोकळे होऊ. जॉर्ज अॅकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, आणि ज्याच्यासह त्याच्या कार्याला २००१ मध्ये नोबेल पारितोषिक लाभले, त्यात पासष्टीपुढच्यांना आरोग्यविमा मिळणे का दुरापास्त होते याचाही विचार केला आहे. विमा घेणाऱ्यास आपल्या शरीराची जी खबर असते ती विकणाऱ्यास नसते. म्हणून हप्ता वाढवला की निरोगी माणसे बाहेर पडतात, मागे राहतात ती अधिक आजारी, त्यांच्यासाठी हप्ता आणखी वाढवावा लागतो, आणि असे होता होता एका वयानंतर कोणत्याही किमतीला सौदा जमेनासा होतो. यावर उतारा एकच आहे: निरोगी माणसाला बाहेर पडू न देणे, म्हणजे सर्वांची सक्तीची सामाईक वर्गणी. बिस्मार्कने हेच केले आणि मेडिकेअरच्या पहिल्या भागानेही हेच केले. परदेशस्थ निवृत्ताला मात्र या सक्तीच्या छत्राबाहेर काढून, ज्या वयात बाजार हमखास कोसळतो त्या वयात बाजाराच्या हवाली केले जाते.

थायलंडने जे केले ते या दृष्टीने उद्बोधक आहे. पन्नाशी पार केलेल्या परदेशी माणसाला तेथे निवृत्त म्हणून राहता येते. त्यासाठी बँकेत आठ लाख बाट किंवा महिना पासष्ट हजार बाट उत्पन्न दाखवावे लागते. परदेशी रुग्णांची थकलेली बिले सरकारी रुग्णालयांच्या अंगावर पडू लागली तेव्हा सरकारने ३१ ऑक्टोबर २०१९ पासून 'ओ-ए' प्रकारच्या व्हिसासाठी आरोग्यविमा आवश्यक केला: रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी चार लाख बाट, बाह्यरुग्ण उपचारांसाठी चाळीस हजार. २०२१ मध्ये ही मर्यादा एकदम तीस लाख बाटवर नेली. थाई सरकारची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. ज्या देशाने २००२ च्या कायद्याने आपल्या गरिबातल्या गरीब नागरिकाला तीस बाटमध्ये उपचार देण्याची हमी घेतली, त्याने परक्या पेन्शनरांच्या बायपासचा खर्च त्याच तिजोरीतून का करावा? प्रश्न हेतूचा नाही, परिणामाचा आहे. ज्यांना विमा मिळतो ते तरुण निवृत्त. ज्यांच्यासाठी अट घातली त्या पंचाहत्तरीतल्या मधुमेही माणसाला कंपनी नवा ग्राहक म्हणून घेतच नाही, किंवा घेतलाच तर मधुमेह, हृदय आणि मूत्रपिंड वगळून घेते. मग उरलेल्या शरीराचा विमा कशासाठी? विमा नाकारला गेला तर तीस लाखांची ठेव वा रोखे दाखवण्याची वाट तेव्हा ठेवली होती खरी, पण ती श्रीमंतांची वाट होती. आणि गंमत अशी की, थायलंडमध्ये येऊन 'ओ' प्रकारचा व्हिसा घेऊन त्याचीच दरसाल मुदतवाढ मिळवणाऱ्या निवृत्ताला ही अट लागू नाही. तेच वय, तोच आजार, तेच रुग्णालय. फरक फक्त अर्ज कोणत्या खिडकीवर दिला एवढाच. रुग्णालयाचे बुडीत बिल टाळण्यासाठी निघालेला हुकूम अखेर कागदाचा प्रकार बदलून चुकवता येतो.

याच्या नेमकी उलट रीत मध्य अमेरिकेतल्या कोस्टा रिकाने धरली आहे, आणि तिच्याकडे आपल्या लेखकांचे लक्ष गेलेले माझ्या तरी पाहण्यात नाही. त्या छोट्या प्रजासत्ताकाने १९४१ साली 'काहा' नावाची सामाजिक सुरक्षेची संस्था काढली आणि १९४८ च्या यादवीनंतर सैन्यच मोडीत काढले. तेथे महिना हजार डॉलरचे कायम पेन्शन दाखवणाऱ्या परक्या निवृत्ताला वास्तव्याचा परवाना मिळतो, परंतु २०१० पासून अमलात असलेल्या कायद्यानुसार त्याने 'काहा'चे सभासद झालेच पाहिजे. वर्गणी त्याने जाहीर केलेल्या उत्पन्नाच्या प्रमाणात. वयाच्या नाही, रोगाच्याही नाही. एकदा सभासद झाला की तो आणि शेजारचा कॉफीच्या मळ्यातला मजूर एकाच रांगेत. रांग लांब असते, शस्त्रक्रियेसाठी महिनोनमहिने थांबावे लागते, आणि ज्यांना परवडते ते परदेशी खासगी विमाही घेतात. हे सर्व खरे आहे. पण थायलंड आणि कोस्टा रिका या दोघांना पडलेले भय एकच असताना एकाने पाहुण्याला दुकानात पाठवले आणि दुसऱ्याने आपल्या पंगतीत बसवून त्याच्याकडून शिधा मागितला, यातले दुसरे वर्तन मला अधिक शहाणपणाचे वाटते. कारण पाहुण्याची वर्गणी त्यामुळे स्थानिक रुग्णालयाला मिळते, परक्या कंपनीच्या भागधारकाला नव्हे. स्पेननेही, व्हिसाच्या वेळी खासगी विम्याची कडक अट घालूनही, एक मागचे दार ठेवले आहे: वर्षभर तेथे राहिलेल्या आणि अन्य कोणताही हक्क नसलेल्या माणसाला २०१३ च्या फर्मानान्वये खास करार करून सरकारी आरोग्यसेवेत येता येते, पासष्टीच्या आत महिना साठ युरो, पुढे १५७. पूर्वीचा आजार आड येत नाही. औषधांची सवलत मात्र त्यात नाही, हे वृद्धाच्या दृष्टीने मोठेच न्यून आहे.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. ज्याने आपली उमेद दुसऱ्या देशाला दिली, कर दुसऱ्या देशाला भरले, त्याच्या आयुष्यातील सर्वांत खर्चिक दशकाचा भार यजमानांच्या तरुणांनी का उचलावा? १५७ युरोत सत्तरीच्या माणसाचा खरा खर्च निघत नाही, हे उघड आहे. म्हणूनच माझ्या मते पहिला जामीन मूळ देशच असला पाहिजे, आणि हे स्वप्नरंजन नाही, कारण युरोपात ते पन्नास वर्षांहून अधिक काळ चालू आहे. १९७१ च्या युरोपीय नियमाने आणि त्याच्या जागी आलेल्या २००४ च्या नियमाने असे ठरवले की, एका देशाचा पेन्शनर दुसऱ्या सभासद देशात राहावयास गेला तर यजमानाने त्याला आपल्या नागरिकाप्रमाणे उपचार द्यावे आणि बिल पेन्शन देणाऱ्या देशाकडे पाठवावे. मूळ देशाने दिलेला 'एस-वन' नावाचा एक फॉर्म स्पेनमधल्या कचेरीत रुजू केला की मँचेस्टरच्या पेन्शनरला तेथील आरोग्यकार्ड मिळते. त्याला ना वय विचारले जाते, ना रक्तदाब. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले तेव्हा ज्या ज्या गोष्टी तुटतील अशी भीती होती त्यांत ही एक होती. पण विलग होतानाच्या करारात आणि त्यानंतरच्या व्यापारकरारातही ती टिकवली गेली, कारण दोन्ही बाजूंच्या खजिनदारांना ती परवडत होती. लंडनमध्ये लागतो त्यापेक्षा स्पेनमध्ये खर्च बहुधा कमीच लागतो. (याच ब्रिटनने कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि भारत येथे राहणाऱ्या आपल्या पेन्शनरांचे निवृत्तिवेतन पहिल्या दिवशी होते त्याच आकड्यावर गोठवून ठेवले आहे, तेव्हा त्याच्या औदार्याचे पोवाडे गाण्याची घाई नको. करार असेल तेथे औदार्य, नसेल तेथे गोठण, एवढाच याचा अर्थ.)

आपल्याकडून परदेशी जाणारे वृद्ध बहुतांशी ऊन शोधत जात नाहीत, नातवंडांसाठी जातात. आणि त्यांच्या बाबतीत जामीन राहतो तो मुलगा किंवा मुलगी. कॅनडाने २०११ पासून आईवडिलांसाठी जो 'सुपर व्हिसा' काढला, आणि ज्यावर आता एका खेपेस पाच वर्षे राहता येते, त्याला किमान एक लाख कॅनडियन डॉलरचा आणि एक वर्ष मुदतीचा आरोग्यविमा लागतो. एक लाख ही रक्कम भारदस्त दिसते. पॉलिसीतील बारीक अक्षरे वाचली की तिचे वजन कळते. आधीपासूनचा आजार बहुतेक कंपन्या 'स्थिर' असेल तरच मान्य करतात, आणि स्थिर म्हणजे गेल्या तीन किंवा सहा महिन्यांत औषध, मात्रा, लक्षण यांत काहीही बदल नसणे. प्रस्थानाच्या आधी नाशिकच्या डॉक्टरने काळजीपोटी रक्तदाबाची गोळी पाचाची दहा मिलिग्रॅम केली, तर त्या काळजीमुळेच आईचे हृदय विम्यातून बाद होऊ शकते. मुलगा हप्ता भरतो, परवाना मिळतो, सरकारची फाईल पूर्ण होते. संकट आले की दावा फेटाळला जातो आणि बिल मुलाच्या घरावर येते. ग्रीन कार्डावर अमेरिकेत गेलेल्या आईवडिलांची स्थिती थोडी वेगळी: पाच वर्षे सलग राहिल्यावर त्यांना मेडिकेअर विकत घेता येते, पण दहा वर्षांची वर्गणी नसल्यामुळे रुग्णालयाच्या भागासाठीच २०२५ मध्ये महिना ५१८ डॉलर, दुसऱ्या भागाचे १८५ निराळे. दोघांचा हिशेब वाचकांनीच मांडावा. आणि ज्या केंद्रीय कर्मचाऱ्याने येथे हयातभर आरोग्य योजनेची वर्गणी भरली त्याचे पेन्शन हयातीच्या दाखल्यावर चालू राहते, योजनेचे कार्ड मात्र टोरांटोच्या रुग्णालयात दाखवून उपयोग नाही. आपणही परक्यांहून फारसे वेगळे वागत नाही.

भारताने वीसेक देशांशी सामाजिक सुरक्षेचे करार केले आहेत. त्यांचा रोख नोकरीच्या काळातली दुहेरी वर्गणी टाळणे आणि पेन्शन मिळवून देणे यावर आहे, औषधोपचारावर नाही. अमेरिकेशी तर तेवढाही करार नाही. अल्प मुदतीसाठी जाऊन दहा वर्षांच्या आत परतणाऱ्या आपल्या तंत्रज्ञांच्या पगारातून मेडिकेअरचे १.४५ टक्के, आणि मालकाकडून तेवढेच, कापून घेतले जातात आणि त्यांच्या वाट्याला पुढे काहीच येत नाही. दिल्लीने वॉशिंग्टनकडे मागणी करताना आजवर या पैशाच्या परताव्यावर भर दिला. पूर्ण मुदत भरून परतलेल्या वृद्धाला येथील रुग्णालयात मेडिकेअरच्या खर्चाने, अमेरिकेतल्या दराने नव्हे तर येथल्या दराने, उपचार मिळावे, ही मागणी तिच्या जोडीला केली पाहिजे. पुण्यात गुडघा बदलण्याचा खर्च न्यू जर्सीतल्या खर्चाच्या तुलनेत इतका थोडा आहे की अमेरिकेच्या खजिन्याला त्यात तोटा दाखवणे कठीण जाईल. तेथील अधिकाऱ्यांचे नेहमीचे उत्तर असे की, परदेशातील रुग्णालयांची बिले तपासता येत नाहीत, लबाडी होईल. लबाडीची भीती रास्त आहे, तपासता येत नाहीत हे मात्र खरे नाही. अमेरिकेचे माजी सैनिकांचे खाते परदेशी राहणाऱ्या आपल्या सैनिकांच्या सेवेत जडलेल्या व्याधींची बिले, ती जगात कोठूनही आलेली असोत, एका खास योजनेखाली तपासते आणि चुकती करते. फिलिपाईन्समधील मनिला येथे तर त्या खात्याने स्वतःचा दवाखानाच चालवला आहे. सैनिकाच्या बिलाची शहानिशा मनिलात होऊ शकत असेल, तर अभियंत्याच्या बिलाची पुण्यात का होऊ नये, याचे उत्तर वॉशिंग्टनने द्यावयाचे आहे, आणि तो प्रश्न विचारणे दिल्लीचे काम आहे.